काढलेली गर्भपिशवी रिपोर्टात ‘नॉर्मल’ कशी येते? टेम्प्लेटमधल्या शिळ्या मजकुराचा बंदोबस्त

जत तालुक्यातल्या एक आजी पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. नातवानं तो मोबाइलवर वाचून त्यांना मराठीत समजावून सांगितला होता. कागद काउंटरवर ठेवत त्या म्हणाल्या, “पोरी, माझी पिशवी काढून नऊ वर्सं झाली. ह्यात ती हाय म्हंत्यात. मग ती कुणाची?”

रिपोर्ट मी टाइप केला होता, सरांनी म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सही केली होती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘यूटेरस इज नॉर्मल इन साइज अँड एकोटेक्श्चर’, म्हणजे गर्भपिशवी आकारानं आणि पोतानं नॉर्मल. तपासणीच्या वेळी पिशवी नाही हे सरांनी पाहिलं होतं, मला तोंडानं सांगितलंही होतं. त्याप्रमाणे ‘पोस्ट हिस्टरेक्टमी स्टेटस’, म्हणजे गर्भपिशवी काढलेली आहे, ही ओळ मी खाली घातली होती. वरची, टेम्प्लेटमध्ये म्हणजे रिपोर्टाच्या तयार साच्यात आधीपासून असलेली ओळ काढायची राहिली. एकाच पानावर पिशवी नॉर्मलही होती आणि काढलेलीही होती.

आजींच्या उपचारावर त्याचा परिणाम झाला नाही. पण त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं मी मुतखड्याचेही रिपोर्ट टाइप केले होते. त्यात बाजू किंवा माप असंच राहून गेलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

मी मिरजेत एका इमेजिंग विभागात काम करते. आधी फक्त टायपिंग होतं, आता रिपोर्टिंगची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. ही अडचण सांगली-मिरज भागात ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक टायपिस्टनं आणि टेक्निशियननं कधी ना कधी मला सांगितली आहे, आणि सगळ्यांची तक्रार एकच: “परवाच दुरुस्त केलं होतं, परत आलं.” ती परत का येते आणि आमच्याकडे ती कशी आटोक्यात आली, ते सगळं इथे लिहिते. आम्ही तिला ‘शिळा मजकूर’ म्हणतो: या पेशंटकडे बघून लिहिलेला नाही, तरी या पेशंटच्या कागदावर आलेला मजकूर.

तुमच्याकडे हीच अडचण आहे का

पुरुष पेशंटच्या रिपोर्टात गर्भाशय किंवा बाईच्या रिपोर्टात प्रोस्टेट आलं, तर ते लगेच दिसतं आणि सगळे हादरतात. पण ही सगळ्यात कमी धोक्याची चूक, कारण ती कुणालाही कळते. खरी घातक ती, जी वाचताना खटकत नाही. पित्ताशय काढलेल्या माणसाच्या रिपोर्टात ‘गॉल ब्लॅडर नॉर्मल’. वर फाइंडिंग्जमध्ये (काय काय दिसलं त्या भागात) उजव्या किडनीत खडा, खाली इम्प्रेशनमध्ये (शेवटच्या निष्कर्षात) डाव्या. वर ६ मिलिमीटर, खाली ६ सेंटिमीटर. किंवा वर खडा लिहिलेला आणि खाली जुनीच ओळ, ‘नो सिग्निफिकंट अॅबनॉर्मॅलिटी’.

पाठवणारे बरेच डॉक्टर घाईत फक्त इम्प्रेशन वाचतात, त्यामुळे शेवटच्या प्रकाराची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. मापाचंही तसंच. मूत्रनलिकेतला ४-५ मिलिमीटरचा खडा पुष्कळदा पाणी आणि औषधांवर आपोआप पडतो. १० मिलिमीटरच्या पुढचा खडा तसा पडण्याची आशा कमी असते, त्याला बहुधा काहीतरी करावं लागतं. म्हणजे एका दशांश चिन्हावर माणूस घरी जाणार की ऑपरेशनच्या टेबलावर, हे ठरू शकतं.

आधी केलेले उपाय आणि ते का पुरले नाहीत

पहिला उपाय सगळीकडे असतो तोच: ‘रिपोर्ट लक्षपूर्वक वाचावा’ असा कागद मॉनिटरवर चिकटवला. आठवडाभर सगळ्यांनी वाचलं. पण डोळ्याला सवयीचा मजकूर दिसला की डोळा तो वाचत नाही, नुसता ओळखतो. ‘लिव्हर इज नॉर्मल इन साइज’ हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा बघितल्यावर एक्कावन्नाव्या वेळी कुणीच ते शब्द शब्द वाचत नाही. यात निष्काळजीपणा नाही, माणसाच्या नजरेची ती मर्यादाच आहे. म्हणून ज्या उपायाचा सगळा भार ‘लक्ष द्या’ यावर आहे, तो टिकत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पुरुष आणि स्त्री असे वेगळे टेम्प्लेट. हे करायलाच हवं, आम्हीही केलं. पण आजी स्त्रीच होत्या, टेम्प्लेटही स्त्रीचाच होता, तरी चूक झाली. लिंगावरून टेम्प्लेट निवडता येतो. ऑपरेशन काय काय झालंय ते त्यावरून कळत नाही.

मग टेम्प्लेट वाढवत नेले: पिशवी काढलेली बाई, पित्ताशय काढलेली बाई, दोन्ही काढलेली बाई, एक किडनी असलेला पुरुष. बघता बघता फोल्डरमध्ये इतक्या फाइली झाल्या की योग्य फाइल शोधण्यापेक्षा समोरची उघडणं सोपं वाटायला लागलं, आणि चुका वाढल्या. हा रस्ता धरू नका.

शिळा मजकूर येतो कुठून

एक जुनी सवय बहुतेक ठिकाणी आहे. साधारण तसाच कालचा रिपोर्ट उघडायचा, नाव-वय बदलायचं, चार ओळी दुरुस्त करायच्या आणि ‘सेव्ह अॅज’ करून नवीन नाव द्यायचं. हे झपाट्यानं होतं, कारण अवघड वाक्यं पुन्हा टाइप करावी लागत नाहीत. पण इथे प्रत्येक नवा रिपोर्ट दुसऱ्या एका माणसाच्या पोटापासून सुरू होतो. जे बदलायचं सुचलं नाही, ते त्या दुसऱ्या माणसाचं तसंच राहतं. आजींनी विचारलेलं ‘मग ती कुणाची?’ हे इथे अगदी शब्दशः लागू पडतं.

यावर लोक म्हणतात, आम्ही कालचा रिपोर्ट घेत नाही, आम्ही ‘नॉर्मल’चा कोरा टेम्प्लेट घेतो. पण तो कोरा नसतो. त्यात लिव्हरपासून मूत्राशयापर्यंत सगळं ‘नॉर्मल’ म्हणून आधीच भरलेलं असतं, आपण फक्त बिघाड तेवढे बदलतो. म्हणजे डॉक्टरांनी एखादा अवयव बघून नॉर्मल म्हटलं, की त्याबद्दल काही बोललेच नाहीत म्हणून ओळ तशीच राहिली, हे कागदावरून कधीच कळत नाही. गॅसमुळे पॅनक्रियास (स्वादुपिंड) दिसलंच नाही, आणि कागदावर मात्र ते नॉर्मल. माझ्या मते सगळ्या अडचणीचं मूळ हेच आहे. बाकीचे उपाय यानंतरचे.

घाई त्यात भर घालते, आणि मिरजेत घाईला कारण असतं. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव म्हणून वाढलं. जंक्शनमुळे बेळगाव, पंढरपूर, कोल्हापूर अशा सगळ्या बाजूंनी पेशंट गाडीनं येतात. अथणी-रायबागकडचा माणूस सकाळी येतो आणि त्याला संध्याकाळी परत जायचं असतं. गाडी चुकली तर त्याची रात्र फलाटावर जाते. त्याला “उद्या या” असं सांगता येत नाही आणि सांगूही नये. म्हणून उपाय असा हवा, जो घाईतही चालेल.

पहिलं काम: मूळ फाइलला कुणी हात लावू शकणार नाही असं करा

वर्डमध्ये टायपिंग होत असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे आणि आजच करता येतं. टेम्प्लेटची फाइल साध्या ‘डॉक-एक्स’ (.docx) प्रकारात ठेवू नका, ‘डॉट-एक्स’ (.dotx) म्हणजे टेम्प्लेट या प्रकारात सेव्ह करा. फरक महत्त्वाचा आहे. साधी फाइल दोनदा क्लिक करून उघडली की तीच मूळ फाइल उघडते आणि चुकून सेव्ह झाली की एका पेशंटचा मजकूर कायमचा टेम्प्लेटमध्ये जाऊन बसतो. “परवा दुरुस्त केलं, परत आलं” यातल्या बऱ्याच तक्रारींचं कारण हेच निघालं. टेम्प्लेट प्रकारची फाइल दोनदा क्लिक केली की तिची नवी, नाव नसलेली प्रत उघडते आणि मूळ जागच्या जागी राहते. त्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी ठेवा. बदल करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असू द्या.

जुन्या रिपोर्टांचं फोल्डर टायपिंगच्या मशीनवरून सहज उघडणार नाही अशा जागी हलवा. सवय मोडायची तर हाताशी असलेली गोष्ट दूर ठेवावी लागते.

दुसरं काम: टेम्प्लेट खरोखर रिकामा करा

यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, थोडी कुरकुरही झाली. आता आमच्या टेम्प्लेटमध्ये अवयवाचं नाव आहे आणि त्यापुढे वाक्याऐवजी ‘@@’ ही खूण. लिव्हर @@. गॉल ब्लॅडर @@. यूटेरस @@. नॉर्मलचं पूर्ण वाक्य एका छोट्या शब्दाला बांधून ठेवलं आहे. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये चार-पाच अक्षरांचा संक्षेप टाकून त्याला पूर्ण वाक्य जोडता येतं. सर म्हणाले “लिव्हर नॉर्मल”, की संक्षेप टाइप केला, वाक्य आलं, खूण गेली. वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. फरक एवढाच की प्रत्येक नॉर्मल आता कुणीतरी त्या क्षणी म्हणालेलं असतं. जे कुणी बोललं नाही त्यापुढे ‘@@’ तसंच राहतं आणि डोळ्यात खुपतं.

संक्षेप ठरवताना एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. डाव्या आणि उजव्या किडनीचे संक्षेप एकाच अक्षराच्या फरकानं ठेवले होते. संध्याकाळी थकलेल्या हातानं एक अक्षर चुकलं की बाजू बदलायची. आता ते मुद्दाम लांब आणि एकमेकांपासून वेगळे दिसणारे आहेत. शिवाय बाजू एकदाच भरायची, फाइंडिंग्जमधली बाजू तीच इम्प्रेशनमध्ये आपोआप उमटायची, अशी सोय करता आली तर जरूर करा. वर्डमध्ये बुकमार्क आणि संदर्भ-फील्ड वापरून ते जमतं. तयार रिपोर्टिंग सॉफ्टवेअर असेल तर विक्रेत्याला विचारा. एककांचंही तसंच: खड्याच्या जागेपुढे मिलिमीटर, किडनीच्या लांबीपुढे सेंटिमीटर हे टेम्प्लेटमध्येच छापलेलं असावं. टाइप करणाऱ्यानं फक्त आकडा घालायचा.

मग शेवटची अडवणूक: ‘@@’ शिल्लक असेल तर प्रिंट होताच कामा नये. वर्डमध्ये प्रिंटच्या आधी चालणारा मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारी छोटी आज्ञावली, लिहिता येतो. त्यानं पूर्ण मजकुरात ही खूण शोधायची आणि सापडली तर प्रिंट रद्द करून सांगायचं. आमच्याकडे एका इंजिनिअर मुलानं तो दुपारभरात लिहून दिला. पण पंधरा दिवसांनी कळलं की व्हॉट्सअॅपवर जाणारे रिपोर्ट प्रिंट होतच नाहीत, ते थेट पीडीएफ म्हणून सेव्ह होतात आणि ही तपासणी त्यांच्या वाटेतच येत नाही. आता पीडीएफसाठी वेगळं बटण आहे, ते आधी खुणा शोधतं आणि मगच पीडीएफ काढतं. तुमच्याकडे रिपोर्ट किती वाटांनी बाहेर जातो ते आधी मोजा. प्रत्येक वाटेवर पहारा हवा.

तयार रिपोर्टिंग सॉफ्टवेअर असणाऱ्यांनी विक्रेत्याकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा: जागा आवश्यक ठरवता यावी, म्हणजे ती भरल्याशिवाय अंतिम सही होणार नाही, आणि ‘सगळं नॉर्मल’ असं एका क्लिकचं बटण बंद ठेवता यावं. ते बटण चालू राहिलं तर वरचं सगळं वाया गेलं असं समजा.

‘पिशवी काढली’ म्हणजे कोणती?

टेम्प्लेट रिकामा झाल्यावरही एक रिपोर्ट चुकला, आणि तो कॉम्प्युटरमुळे नाही, आपल्या भाषेमुळे चुकला. टेक्निशियननं पेशंटच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पिशवी काढली.’ मला वाटलं गर्भपिशवी. काढली होती पित्ताची पिशवी. आपल्याकडे दोन्हीला नुसतं पिशवीच म्हणतात. बाई पेशंट असेल तर ऐकणारा पहिला अर्थ गर्भपिशवीचाच घेतो. नशिबानं सरांच्या लक्षात आलं आणि सहीच्या आधी दुरुस्त झालं.

आता चिठ्ठीवर छापील ओळी आहेत: गर्भपिशवी काढली आहे, होय की नाही, कोणत्या वर्षी. पित्ताची पिशवी काढली आहे, होय की नाही. किडनी, अपेंडिक्स, सिझेरियन. विचारतानाही पूर्ण शब्द वापरायचा हा नियम आहे. कर्नाटकातून आलेल्या पेशंटला ‘गर्भकोश’ आणि ‘पित्तकोश’ असं विचारलं की गोंधळ राहत नाही. कन्नडमध्ये हे दोन शब्द सरळ वेगळे आहेत, आपल्यासारखी एकच पिशवी नाही. सोबतचा नातेवाईक उत्तर देत असेल तरी प्रश्न पेशंटलाच विचारा. सुनेला सासूच्या ऑपरेशनची माहिती असतेच असं नाही, आणि सगळ्या बायका सुनेसमोर ती सांगतातच असंही नाही. त्यामुळे हा प्रश्न आम्ही आत, पडद्यामागे विचारतो.

पोटावरच्या व्रणावरून अंदाज बांधू नका. सिझेरियनचा आणि पिशवी काढल्याचा व्रण सारखाच दिसू शकतो, आणि खालच्या मार्गानं गर्भपिशवी काढली असेल तर पोटावर व्रणच नसतो.

बोलून टाइप होत असेल तर

आवाजावरून टाइप करणारी सॉफ्टवेअर आता आपल्याकडेही आली आहेत, आणि त्यांचा शिळा मजकूर वेगळ्या जातीचा असतो. तिथे ओळ राहत नाही, शब्द गळतो. सगळ्यात वाईट गळती ‘नो’ या शब्दाची. ‘नो कॅलक्युलस’, म्हणजे खडा नाही, असं म्हटलं आणि छोटा ‘नो’ पंख्याच्या आवाजात गेला, तर कागदावर खडा तयार. आमच्या सरांनी सवय बदलली: आता ते ‘कॅलक्युलस अॅब्सेंट’ म्हणतात. मोठा शब्द सहसा गळत नाही आणि चुकीचा उमटला तर वाक्य विचित्र दिसतं, नजरेत येतं.

दुसरी जात म्हणजे एकसारख्या आवाजाचे शब्द. आतड्याचं ‘इलियम’ आणि कमरेच्या हाडाचं ‘इलियम’ बोलताना सारखंच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ घाईत सारखेच ऐकू येतात आणि अर्थ उलटा होतो. स्पेलिंग तपासणीला यातलं काहीच पकडता येत नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत बरोबर आहेत. अशा शब्दांची आपल्या विभागाची यादी करा आणि सहीच्या आधी ते शब्द मजकुरात पिवळे होतील अशी सोय करा. सगळा रिपोर्ट रंगवू नका, मोजके शब्दच रंगवा, नाहीतर पिवळाही सवयीचा होतो.

एकच सल्ला डॉक्टरांसाठी, आदरपूर्वक: सहीच्या आधी इम्प्रेशन पहिल्यांदा वाचा, मग वर जा. आमच्या सरांनी हे सुरू केल्यापासून वर-खाली विसंगती त्यांना स्वतःलाच सापडते.

रिपोर्ट बरोबर, माणूस चुकीचा

कधी मजकूर ताजा असतो, पण तो दुसऱ्याच पेशंटला चिकटतो. इमेज दाखवणाऱ्या खिडकीत पुढचा पेशंट उघडला जातो आणि रिपोर्टची खिडकी मागच्यावरच असते. आपल्याकडे एका दिवशी पाटील आडनावाचे दहा पेशंट असतात, त्यातल्या दोघींचं पहिलं नावही एक असतं, म्हणून नावावर कधीच जाऊ नका. दोन्ही खिडक्या एकाच तपासणी क्रमांकावर बांधलेल्या असायला हव्यात. एक बदलली की दुसरी आपोआप बदलली पाहिजे.

त्या क्रमांकाबद्दल एक बारीक गोष्ट, जी शोधायला एका ठिकाणी फार दिवस गेले. डायकॉम या मानकात, म्हणजे तपासणीच्या इमेज आणि त्यांची माहिती मशीनमशीनमध्ये पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, तपासणी क्रमांकाला, म्हणजे अॅक्सेशन नंबरला, जास्तीत जास्त १६ अक्षरं दिलेली आहेत. तिथल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरनं वर्ष, महिना, विभागाचं नाव आणि अनुक्रमांक जोडून त्याहून लांब क्रमांक बनवायला सुरुवात केली. काही मशीन असा क्रमांक नाकारतात, काही गुपचूप शेवटचे आकडे कापतात. शेवटचे आकडे म्हणजेच अनुक्रमांक! त्यामुळे वेगवेगळ्या पेशंटचे क्रमांक सारखे झाले आणि रिपोर्ट इकडचे तिकडे जायला लागले. दोष टायपिस्टच्या माथी मारला जात होता. तुमच्याकडे सॉफ्टवेअर बदलल्यानंतर अशा चुका अचानक वाढल्या असतील तर माणसांना बोल लावण्याआधी ही अक्षरं मोजा.

गरोदर बाईच्या सोनोग्राफीचे टेम्प्लेट

इथे दोन वेगळ्या सूचना. बाळाच्या डोक्याचं, पोटाचं, मांडीच्या हाडाचं माप कागदावर लिहून मग टाइप करत असाल तर आकडे इकडचे तिकडे होणारच. मशीनमधली मापं थेट रिपोर्टमध्ये आणणारी सोय डायकॉममध्ये आहे, तिला स्ट्रक्चर्ड रिपोर्ट म्हणतात. काही मशीनमध्ये ती वेगळी चालू करून घ्यावी लागते. इंजिनिअर सर्व्हिसला आला की विचारून घ्या. आणि आधीच्या भेटीची मापं रिपोर्टात घेत असाल तर त्यांच्यापुढे तारीख असलीच पाहिजे, नाहीतर मागच्या महिन्याचं वजन या महिन्याचं म्हणून वाचलं जातं.

दुसरी सूचना जास्त गंभीर आहे. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या टेम्प्लेटमध्ये बाळाच्या लिंगाची ओळ असू शकते. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानं आपल्याकडे ते सांगायला पूर्ण बंदी आहे. ती ओळ रिकामी ठेवणं पुरेसं नाही, ती मुळातून काढून टाका. याच कायद्याखाली भरायचा एफ फॉर्म आणि रिपोर्ट यांची नाव-तारीख एकाच नोंदीतून येऊ द्या. दोन ठिकाणी टाइप केलं की दोन ठिकाणी चुकतं.

मशीननं सुचवलेला मजकूर

छातीच्या एक्स-रेसाठी संगणकाची मदत घेणारे विभाग वाढत आहेत. टीबीच्या चाळणीसाठी १५ वर्षांवरच्या लोकांमध्ये अशा संगणकीय वाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली आहे, त्यामुळे ते वाढणारच. तिथे हाच नियम लावा: संगणकाचा निष्कर्ष वेगळ्या चौकटीत, संगणकाचा म्हणूनच दिसला पाहिजे. तो डॉक्टरांच्या वाक्यात मिसळला की कोणी काय बघितलं हे पुन्हा कळेनासं होतं. सगळा रिपोर्टच लिहून देणारी नवी साधनं तर न विचारलेल्या अवयवालाही गोड भाषेत नॉर्मल म्हणून मोकळी होऊ शकतात. शिळा मजकूर जुना असल्यामुळे ओळखता तरी येत होता. हा दरवेळी नवीन शब्दांत येतो, म्हणून त्याची मला जास्त काळजी वाटते.

मागचे रिपोर्ट तपासा, आणि चूक सापडली तर

व्यवस्था बदलल्यावर एक रविवार काढून जुन्या फाइलींत शोध घ्या. एकाच रिपोर्टात ‘यूटेरस नॉर्मल’ आणि ‘हिस्टरेक्टमी’. ‘गॉल ब्लॅडर नॉर्मल’ आणि ‘कोलेसिस्टेक्टमी’ (पित्ताशय काढल्याची नोंद). पुरुषाच्या नोंदीत ‘यूटेरस’. विंडोजमध्ये फाइलच्या आतल्या शब्दांवर शोध घेता येतो. आम्हाला सापडले, आणि ते वाचताना वाईट वाटलं. पण सापडले म्हणून त्या माणसांना फोन करता आले. पुढेही दर महिन्याला चाळीस रिपोर्ट डोळे मिटून उचलायचे आणि ज्यानं टाइप केले नाहीत त्यानं इमेजशी ताडून बघायचे, असं आम्ही ठेवलं आहे.

सही झालेल्या रिपोर्टवर चूक सापडली तर तीच फाइल उघडून गुपचूप दुरुस्त करायची नाही. पेशंटच्या हातात जुना कागद आहे, पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे जुनी प्रत आहे, आणि तुमच्याकडे वेगळंच काही. पुरवणी रिपोर्ट काढायचा: काय चुकलं होतं, बरोबर काय आहे, तारीख, वेळ, सही. पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा, मेसेजवर भागवायचं नाही. आणि व्हॉट्सअॅपवर गेलेली जुनी पीडीएफ विसरायची नाही, कारण पुढच्या डॉक्टरांना दाखवताना पेशंट तीच उघडतो.

आजींचा पुरवणी रिपोर्ट सरांनी स्वतः बाहेर येऊन त्यांच्या हातात दिला आणि काय झालं ते मराठीत सांगितलं. मी नातवाच्या मोबाइलवर नवीन पीडीएफ पाठवली, जुनी माझ्यासमोर काढायला लावली, आणि नवीन आजींना दाखवायला सांगितलं. आजींनी त्याला तिथेच पुन्हा सगळं वाचायला लावलं, पहिल्या ओळीपासून. ‘यूटेरस’ हा शब्द आल्यावर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, पुढचं वाक्य दोनदा ऐकलं आणि मग पिशवीत कागद घालून बस स्टँडकडे निघाल्या.